धगूच्या गळ्यातली थैली

२९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पार्सल सोमवारी आलं. आई आधी म्हणाली, परीक्षा झाल्यावर उघड. मग तिनंच माझं तोंड बघितलं आणि कात्री आणून दिली. आता माझ्याकडे 'जंतरवन' आहे, प्राण्यांच्या झुंजीचा खेळ! आमच्या वर्गात हा खेळ फक्त पाचजणींकडे आहे, आणि त्यातल्या चौघी कप्तानच्या टोळीत आहेत. कप्तान म्हणजे माझ्याच वर्गातली मुलगी. तिचं खरं नाव कुणी घेत नाही. परवा बाईसुद्धा हजेरी घेताना चुकून 'कप्तान' म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला.

खेळात माझं पहिलं अंडं फुटलं आणि त्यातून धगू निघाला. तू काढलेला धगू! आखूड शेपटी, पिवळं पोट आणि ठसका लागल्यासारखी आग. मी मधल्या सुट्टीत सांगितलं की हा सरडा माझ्या आत्यानं काढलाय. कप्तान म्हणाली, "थापा मार." तिच्याकडे दगडी कासव आहे, त्याला धगूची आग नुसती चाटून जाते. ती म्हणते, धगू म्हणजे पळपुट्यांचा प्राणी.

तर तू मला तीन गोष्टी सांग. धगूची आग नक्की कुठून येते? त्याचं तोंड का भाजत नाही? आणि आग सोडायच्या आधी तो काय करतो? नीट सांग, लहान मुलीला सांगतात तसं नको. मी अकरा वर्षांची आहे. आणि आईला सांगू नकोस की मी हे विचारलं. ती म्हणेल दिवसभर तेच डोक्यात.

बाबांचं पत्र आलं. त्यांचं जहाज फेब्रुवारीत परत येणार आहे.

तुझी
भिंगरी


५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

पुष्कळ पुष्कळ पापे. तुझं पत्र ऑफिसात आलं आणि मी ते टेबलावर उभं करून ठेवलंय, रंगांच्या बाटल्यांना टेकवून. इथं आम्ही सातजण मिळून एकशे वीस प्राणी काढतो. मोठे साहेब विचारतात ते एवढंच, की ठिपके किती, रंग किती, कधी देताय. आग कुठून येते हे दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस आणि माझी कॉफी गार झाली.

तर ऐक. धगूच्या गळ्याखाली एक थैली असते. तो डोंगरातल्या काळ्या झऱ्यावर जातो आणि तिथलं तेल तोंडात भरून घेतो. गिळत नाही, थैलीत साठवतो. आग सोडायची वेळ आली की मान मागे टाकतो, तेलाचा बारीक फवारा उडवतो आणि दातावर दात घासून ठिणगी पाडतो. आग तोंडाबाहेर लागते, आत नाही, म्हणून तोंड भाजत नाही. भित्रा असता तर हे जमलंच नसतं त्याला. सांग तुझ्या कप्तानला, धगू सगळ्यांत धीट आहे. जो घाबरतो त्याचाच फवारा चुकतो.

सोबत गळ्याचं आतलं चित्र पाठवतेय, बाण काढून आणि आकडे घालून. हेच चित्र खेळाच्या नव्या पुस्तिकेत पान चौदावर येणार आहे. जगात सगळ्यांत आधी तुझ्या हातात पडतंय, जपून ठेव.

आईला नाही सांगत. आपल्या दोघींतच राहू दे.

तुझी
आत्या


१२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

चित्र भारी आहे! कंपासपेटीच्या झाकणात बसवलंय. कप्तानला दाखवलं तर तिनं बोट ठेवून सगळे आकडे बघितले. मग म्हणाली, "कागदावर कुणीही आग काढतं. धगू धीट असेल तर धगूवालीनं करून दाखवावं."

आमचं ठरलंय. शनिवारी एकवीस तारखेला शाळा सुटल्यावर, तिच्या इमारतीच्या गच्चीवर. मी जिंकले तर टोळीत, आणि तिचं कासव एक आठवडा माझं. हरले तर सगळ्यांसमोर म्हणायचं की आत्याबद्दल थाप मारली होती. ते मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

माझा सराव जोरात चाललाय. रोज आंघोळीच्या वेळी, आरशासमोर, पाण्यानं. पहिल्यांदा सगळं हनुवटीवरून गळायचं, आता धुक्यासारखं उडतं. मान किती मागे टाकायची ते तुझ्या बाणावरून बघते. आई विचारते, न्हाणीघरात एवढा वेळ काय करतेस? मी म्हणते, पाढे.

आता फक्त पाण्याऐवजी दुसरं घ्यायचं. ते मोरीजवळच्या डब्यात आहे. दात घासून ठिणगी पडत नाही हे मला कळतं, तेवढी बावळट नाही मी. त्याची सोय कप्तान करणार आहे.

मी घाबरत नाही. तूच लिहिलंस ना, घाबरतो त्याचाच फवारा चुकतो.

तुझी
भिंगरी


२१ नोव्हेंबर, शनिवार
सकाळचे अकरा

वहिनी,

मी टेलिफोन बूथच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर लागलं नाही तर माफ करा. भिंगरीचं बारा तारखेचं पत्र आज हातात आलं. तुम्हाला तार केलीय: "भिंगरीला रॉकेलपासून दूर ठेवा. शाळेनंतर कप्तानची गच्ची. ताबडतोब जा." तारवाले म्हणतात एकपर्यंत पोचेल, दीडही होईल. घरच्या पत्त्यावर केली आणि तुमच्या कामावर, लॉन्ड्रीच्याही.

त्या दोघींनी तोंडानं आग काढायची पैज लावलीय. खेळातल्या सरड्यासारखी. ती आग कशी काढायची हे मी तिला लिहून पाठवलं, वहिनी. चित्र काढून, बाण घालून. मला वाटलं ती सरड्याबद्दल विचारतेय.

११:२० — शाळेचा नंबर मिळाला. घंटी वाजतेय, कुणी उचलत नाही.

११:३५ — पुन्हा केला. व्यस्त. म्हणजे कुणीतरी आहे तिथं. तुम्हाला लॉन्ड्रीत फोन असता तर.

११:५० — व्यस्त. माझ्यामागे एक गृहस्थ उभे आहेत, त्यांना मुलाखतीचं विचारायचंय. मी सांगितलं, एका मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे. त्यांनी स्वतःची नाणीपण मला दिली.

१२:१५ — उचलला. कारकून होता. मी भिंगरीचं नाव, वर्ग, तुकडी सगळं सांगितलं, तिला वर्गातच थांबवा म्हटलं. तो म्हणाला, "बाई, शनिवारी शाळा बाराला सुटते. पोरी केव्हाच गेल्या." मी म्हटलं धावत जा, फाटकावर बघा. तो गेला. मी फोन धरून उभी होते. त्याच्या खुर्चीवरचा पंखा ऐकू येत होता.

१२:२५ — परत आला. फाटकावर कुणी नाही.

कप्तान कुठं राहते ते त्याला ठाऊक नाही. रजिस्टर कपाटात आहे आणि किल्ली मुख्याध्यापिकांकडे.

हे पत्र टाकतेय, पण हे पोचेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. एका शब्दाची तरी तार करा.


२४ नोव्हेंबर

वन्सं,

भिंगरी घरी आहे. दोन्ही तळहातांना फोड आलेत, बाकी धड आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचाल.

तुमची तार दीड वाजता लॉन्ड्रीत आली. मी इस्त्री तशीच टाकून पळाले. पण सगळं एकच्या आधीच झालं होतं. भिंगरीकडून कळलं ते सांगते. ती घरातून बाटलीत रॉकेल घेऊन गेली होती. तुमचं चित्र गच्चीवर दगडाखाली ठेवलेलं, एकीनं बोट ठेवून वाचून दाखवायचं. भिंगरीनं घोट तोंडात घेतला आणि त्या वासानं तिला ढवळून आलं. सगळं थुंकली, उलटी झाली. पोरी हसल्या. कप्तान म्हणाली, "बघा पळपुटीला. आण इकडे." आणि तिनं बाटली घेतली.

आग निघाली, वन्सं. भिंगरी म्हणते, खरंच निघाली, आणि एक क्षण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग वारा फिरला. हनुवटी, गळा, उजवी बाही. बाकीच्या तिघी जिन्यावरून पळाल्या. भिंगरीनं तिला खाली पाडलं, स्वतःचा स्वेटर तिच्यावर टाकला आणि हातांनी दाबत राहिली. खालचा चपलांचा दुकानदार ओरडणं ऐकून वर आला, त्यानं पुढचं केलं.

इथल्या डॉक्टरांनी कप्तानला तुमच्याच शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवलंय. वाचेल म्हणतात. त्यापुढे काही म्हणत नाहीत.

काल मुख्याध्यापिकांनी बोलावलं. पोरींच्या डोक्यात हे आलं कुठून, घरी काही कळलं होतं का, विचारलं. तुमचं चित्र आणि पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. मी म्हटलं, मला काही माहीत नाही. शाळेत मी स्वतः मुलगी असतानाही कधी खोटं बोलले नव्हते.

तुमच्या दादांना अजून कळवलेलं नाही. समुद्रावर बसून ते काय करणार?

भिंगरी बोलत नाही, जेवण पुढ्यात ठेवलं तर जेवते. तिला तूर्त पत्र लिहू नका. आणि दवाखान्यात जाऊ नका. कोणत्या तोंडानं जाल?

— वहिनी


२८ नोव्हेंबर

वहिनी,

पत्र मिळालं. काय लिहू?

एकच विनंती. मी भिंगरीला पाठवलेलं पाच तारखेचं पत्र आणि ते चित्र मला रजिस्टरनं पाठवा. येत्या शुक्रवारच्या आत हातात पडायला हवं. तोवर कुणाला देऊ नका. कारण भेटीत सांगेन, आत्ता एकेक तास मोलाचा आहे.

तुमची
वन्सं


२ डिसेंबर

वन्सं,

तुमचं चार ओळींचं पत्र चारदा वाचलं, कारण वाटलं एखादी ओळ नजरेतून सुटली असेल. भिंगरीच्या हातांची चौकशी नाही. त्या पोरीचा उल्लेख नाही. कागद परत करा, कुणाला देऊ नका, लवकर करा. बस.

लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेत होतात. भिंतीवर कोळशानं चित्रं काढायचात आणि सासूबाई रागावल्या की माझ्यामागे लपायचात. मी दरवेळी म्हणायचे, लहान आहे, जाऊ द्या. परवा मुख्याध्यापिकांसमोरही मी तेच केलं, नाही का? तुम्हाला पाठीशी घातलं. आणि तुम्हाला काळजी कशाची, तर तुमच्या सहीचा कागद कुणाच्या हाती पडेल याची.

म्हणून काल मी तो कागद त्याच्याच हाती दिला, ज्याचा त्यावर हक्क आहे. कप्तानचे वडील ट्रक चालवतात. बायको नाही त्यांना. पोरीचे कपडे न्यायला दोन दिवस घरी आले होते. मी दारातच सगळं सांगितलं आणि पत्र, चित्र, दोन्ही त्यांच्यापुढे धरलं. आत या म्हणाले नाहीत. उभ्यानं वाचायला लागले, मी जिना उतरून आले. नंतर शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांनाही खरं सांगितलं.

आता तुम्हाला जे करायचं ते करा. माझ्याकडे काही उरलं नाही.

— भिंगरीची आई


७ डिसेंबर

वहिनी,

तुम्ही कागद त्यांना दिलात ते बरोबर केलंत. माझ्या हातून आधीच जायला हवे होते. पण मी ते का मागितले ते सांगते, कारण तेवढं तरी तुम्हाला खरं कळावं.

ते चित्र खेळाच्या नव्या पुस्तिकेत छापलं जाणार होतं. पान चौदा. बाणांसकट, आकड्यांसकट. छपाई शुक्रवारी, चार तारखेला सुरू होणार होती आणि नाताळाच्या सुट्टीआधी प्रत्येक खेळाच्या डब्यात एकेक प्रत जाणार होती. तुमचं पत्र वाचलं आणि मी सरळ मोठ्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "कुठल्याशा गावात पोरींनी आगाऊपणा केला, त्याचा आपल्या चित्राशी संबंध काय? दाखव पुरावा." पुरावा तुमच्या पर्समध्ये होता. म्हणून घाई. ते पत्र मला लपवायचं नव्हतं, त्यांच्या टेबलावर आपटायचं होतं. तुम्हाला ते नीट लिहायला हवं होतं. पण मी कारण लिहायला बसले की कागद फाडून टाकायचे, म्हणून चार ओळी टाकून मोकळी झाले.

शुक्रवारपर्यंत पाकीट आलं नाही. चित्रकारानं शेवटच्या कच्च्या पानावर सही केल्याशिवाय छापखाना पान मशीनवर चढवत नाही, असा नियम आहे. मी छापखान्यात गेले. फोरमननी पान चौदा माझ्यापुढे सरकवलं. मी म्हटलं, सही करणार नाही. साहेबांना फोन गेला, ते अर्ध्या तासात तिथं आले. म्हणाले, "हट्ट करू नकोस, शंभर माणसं अडकलीत." मी त्याच पानाच्या मागे लिहून दिलं की हे चित्र मी काढलं, ते बघून अकरा वर्षांची मुलगी भाजली आणि हे मला माहीत असूनही छापलं तर जाणून-बुजून छापलं असा अर्थ होईल. खाली पूर्ण नाव घातलं. साहेब म्हणाले, "ठीक आहे, मी करतो सही." तेव्हा फोरमननी ते पान उलटंसुलटं वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मला दोन नाती आहेत. हे माझ्या मशीनवर चढणार नाही. दुसरीकडे न्या." दुसरीकडे न्यायला वेळ नव्हता. पान बदललं. आता तिथं धगू नुसता दगडावर झोपलाय.

मला कामावरून काढलंय. त्याचं काही नाही.

आणखी एक सांगायचंय. बूथवरून लिहिलं होतं की भिंगरीचं पत्र आजच हातात आलं. खोटं आहे ते. पत्र बुधवारी, अठरा तारखेलाच आलं होतं. मी पाकिटावरचं अक्षर ओळखलं, हसले आणि पुस्तिकेचं काम आटोपल्यावर निवांत वाचू म्हणून रंगांच्या बाटल्यांमागे ठेवलं. तीन दिवस ते माझ्या हाताच्या अंतरावर होतं. त्या तीन दिवसांत मी रात्रीच्या गाडीनं येऊन परतसुद्धा गेले असते. हे कप्तानच्या वडिलांना सांगा. त्यांच्याकडच्या माझ्या पत्रात ते लिहिलेलं नाही, म्हणून त्यांना कळणार नाही.

दवाखाना माझ्या खोलीपासून दोन स्टॉपवर आहे. रोज फाटकापर्यंत जाते. तुम्ही नको म्हणालात, म्हणून आत गेले नाही.

— वन्सं


१२ डिसेंबर

वन्सं,

मी चुकले. तुमच्या चार ओळींत मला जे दिसलं ते तिथं नव्हतं. पण त्या तीन दिवसांचं वाचलं आणि पुन्हा राग आला, तोही लपवत नाही. दोन्ही एकदमच आहे मनात.

कप्तानचे वडील गुरुवारी रात्रीचं जेवण व्हायच्या आधी येऊन गेले. तुमचं पत्र मी त्यांना पूर्ण वाचून दाखवलं, तीन दिवसांसकट. मग म्हणाले, "बाई मूर्ख आहे. दुष्ट नाही." मग विचारलं, तुम्ही दवाखान्यापासून किती लांब राहता. मी म्हटलं, दोन स्टॉप.

तर असं आहे. पोरगी अजून दीड-दोन महिने तिथंच राहणार. आठवडाभर त्यांची बहीण बसते, पण शनिवारी दुपारी तिला कारखान्यात पाळी असते आणि ते स्वतः ट्रकवर असतात. शनिवारी दोन ते सात पोरीजवळ कुणी नसतं. ते म्हणाले, "त्यांना सांगा, येऊन बसा. खाऊ आणू नका, खेळणी आणू नका, माफी मागू नका. तिला ठाऊक आहे त्या कोण आहेत, मी सांगितलंय. नुसतं बसा. ती हाकलून देईल तर बाहेरच्या बाकावर बसा."

मी तुमच्या वतीनं हो म्हटलंय. येत्या शनिवारपासून. दुसरा मजला, खिडकीकडची खाट.

भिंगरीनं खाली काहीतरी लिहिलंय. मी वाचलेलं नाही.

— वहिनी

आत्या, तू कप्तानला बघ आणि मला खरं सांग. आईला विचारलं की बरी आहे म्हणते. तू गोड गोड लिहू नकोस. मी बाटली नेली नसती तर झालं नसतं ना?


४ जानेवारी

भिंगरी,

खरं लिहायला सांगितलंस, म्हणून तीन शनिवार थांबले.

तिच्या गळ्यावर मांडीची कातडी काढून लावलीय. हनुवटीची डावी बाजू आक्रसलीय, ती तशीच राहणार. उजव्या हाताची तीन बोटं वाकत नाहीत. एक बाई रोज येऊन ती वाकवतात, तेव्हा ती ओठ मिटून छताकडे बघते. किती वाकतील ते कुणाला सांगता येत नाही. डोळे ठीक आहेत.

पहिल्या शनिवारी मी गेले तेव्हा तिनं मान भिंतीकडे वळवली आणि पाच तास वळवलेलीच ठेवली. मी बसले. सात वाजता उठून आले. दुसऱ्या शनिवारी ती माझ्याकडे बघत होती. अगदी टक लावून, जसं काही मला पाठ करायचंय. मी नजर खाली घातली नाही, पण ते सोपं नव्हतं. पट्टी बदलायची वेळ झाली तेव्हा नर्स म्हणाल्या, "बाहेर थांबा." तिनं डोक्यानंच 'नाही' म्हटलं. मी बघावं असं तिला हवं होतं. मी सगळं बघितलं.

तू विचारलंस, बाटली नेली नसती तर? हो, नसतं झालं. मी ते चित्र काढलं नसतं तरी नसतं झालं, आणि पाकीट वेळेवर फोडलं असतं तरी. तुझा वाटा तुझ्याकडे राहील, तो मी काढून घेऊ शकत नाही. पण डॉक्टरांनी मला एक सांगितलं, तेही तितकंच खरं आहे. स्वेटर टाकून दाबलं नसतं तर चेहरा वाचला नसता. ते दाबणारे हात तुझे होते. हे दोन्ही सोबत घेऊनच तुला मोठं व्हायचंय. मलाही, या वयात.

परवाच्या शनिवारी मी नेहमीसारखी बसले होते. चारच्या सुमारास खाटेवरून आवाज आला, घोगरा, मला आधी कळलंच नाही कुणाचा.

"खिडकी लावा. ऊन डोळ्यावर येतंय."

मी उठून लावली.

"एवढी नको. थोडी उघडी ठेवा."

थोडी उघडली.

"अजून थोडी."

मग तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. पण ती म्हणाली, "ती पळाली नाही. बाकीच्या तिघी पळाल्या." थोड्या वेळानं म्हणाली, "तिला का नाही आणत?"

मी वहिनींना वेगळं लिहिलंय आणि कप्तानच्या बाबांनाही विचारलंय. दोघांचा होकार आहे. शुक्रवारच्या गाडीनं आईबरोबर ये. शनिवारी पावणेदोनला निघू. फाटकापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत बावन्न पायऱ्या आहेत, पहिल्यांदा त्या फार वाटतात. मी तुझ्याबरोबर चढेन.

— आत्या